कोळ्याच्या रेशमासाठी गणित सोडावं का?

प्रश्न : मुलगी नाशिकमध्येच अकरावीला आहे, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेतलंय. कोळ्याच्या रेशमासारखी नवी मटेरियल्स बनवायची म्हणते आणि 'ही तर बायोलॉजी' म्हणून गणित सोडायला निघाली आहे. रेशमाची अशी डिग्री असते का? नोकरीचं काय? — एक पालक, पंचवटी

उत्तर : नमस्कार. गणित अजिबात सोडू देऊ नका.

तिचं निम्मं बरोबर आहे. रेशीम म्हणजे प्रथिनं. पण कोळी रेशीमकिड्यांसारखे एकत्र पाळता येत नाहीत, एकमेकांनाच खातात. म्हणून त्यांचं जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून ते प्रथिन टाकीत तयार करतात. इथवर बायोलॉजी. खरं घोडं अडतं ते पुढे, धागा ओढताना. कोळ्याच्या ग्रंथीत हे प्रथिन दाट द्रावण असतं. निमुळत्या नळीतून जाताना त्याची आम्लता आणि क्षार बदलतात, ताण बसतो, रेणू एका दिशेत लागतात आणि धागा बाहेर पडतो. हे यंत्रावर जमवायचं तर पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचं शास्त्र आणि फिजिक्स लागतं, म्हणजे गणित आलंच.

'रेशीम' नावाची डिग्री शोधू नका. सेरिकल्चरचे कोर्स आहेत, पण ते तुती आणि कीटकसंगोपनाचे. तिच्यासाठी माटुंग्याच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) पॉलिमर किंवा टेक्स्टाइल, नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात मटेरियल्स, नाहीतर मूलभूत विज्ञान शिकवणारं पुण्याचं आयसर. पुढे पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पॉलिमरवर पीएचडीही करता येते.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. संशोधनच करायचं तर बहुतेकदा पीएचडी लागते, म्हणजे बारावीनंतर नऊ-दहा वर्षं. पीएचडीत फेलोशिप मिळते, पण तोवर घरून दम धरावा लागेल. तेवढी सवड नसेल तर इंजिनिअरिंग घ्या, चार वर्षांनी नोकरीचा रस्ता मोकळा राहतो.

ठरवण्याआधी एक करा. तुती लावणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडून मूठभर कोष आणा. ते कापून, आतलं काढून, वजन करा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळा (जवळ मोठं माणूस हवं), धुऊन वाळवा, पुन्हा वजन करा. साधारण पाव वजन गेलेलं दिसेल. तो सेरिसिन नावाचा डिंक. उरतं ते फायब्रॉइन, म्हणजे धाग्याचं मूळ प्रथिन, ज्यापासून प्रयोगशाळेत पातळ फिल्म आणि स्पंज बनवतात.

मग ती काय विचारते ते ऐका. वजन कुठे गेलं असं विचारलं तर केमिस्ट्री. धागा इतका चिवट कसा, तर मटेरियल्स. अळीला हे जमतं कसं, तर बायोटेक. काय विचारलं ते मला कळवा, म्हणजे सीईटी, जेईई की आयसरची परीक्षा, हे ठरवता येईल.