आजीच्या जुन्या लाकडी कपाटाला घरच्या घरी रंग देता येईल का?

तुम्ही लिहिलंय की कपाट चाळीसेक वर्षांचं आहे, वर हिरवा ऑइलपेंट आहे, जागोजागी पोपडे सुटलेत आणि ते घासून त्याला पांढरा रंग द्यायचाय. घरी नक्की होईल. पण रंगाचा डबा आणण्याआधी दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, तळहाताएवढी जागा खरवडून लाकूड कुठलं आहे ते बघा.

हे आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं. पार्टिकल बोर्डाचं टीव्ही युनिट पावासारखं फुगलं, ते टाकूनच दिलं. आईचं लाकडी कपाट मात्र गाळाने माखून तसंच उभं होतं. ते धुतलं, दारं उतरवून सावलीत ठेवली (उन्हात ठेवली असती तर फळ्या तडकल्या असत्या) आणि थेट जानेवारीत हातात घेतलं. वरचा तपकिरी रंग खरवडला तर खाली सोनेरी सागवान! आई कितीतरी वेळ त्या रेषांवरून नुसती बोटं फिरवत होती. त्या कपाटाला आम्ही रंग दिलाच नाही, पॉलिश केलं. तुमच्याकडेही साग किंवा शिसम निघालं तर माझं ऐका, रंगाने झाकू नका. जंगली लाकूड असेल, प्लायचे तुकडे जोडलेले असतील तर खुशाल रंगवा.

आता घासण्याबद्दल, आणि इथे जरा गंभीरपणे घ्या. जुन्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही पिवळ्या-हिरव्या छटांमध्ये, शिसं हा विषारी धातू असण्याची बरीच शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून तो कोरडा घासू नका, मशीन लावू नका, गरम हवेने जाळू तर मुळीच नका. पाणी पेपर (ओला वापरता येणारा सँडपेपर) भिजवून घासा, एन-९५ मास्क लावा, खाली प्लास्टिक पसरा. निघालेला चिखल ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा आणि काम गच्चीत किंवा अंगणात करा. सगळा रंग उतरवायची गरजही नसते. सुटलेले पोपडे काढायचे आणि घट्ट बसलेल्या रंगाची चकाकी मोडायची, एवढं पुरतं.

मग लाकूड दोन-तीन दिवस वाळू द्या. भोकं, चिरा लांबीने (पुट्टीने) भरा, वाळल्यावर १८० नंबरच्या सँडपेपरने आणि शेवटी २२० च्या हलक्या हाताने, रेषांच्या दिशेने घासा. आडवं घासलं तर ओरखडे राहतात आणि रंगाखालूनही दिसतात. भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर कीड आहे. आधी तिचं औषध, मग रंग.

पांढऱ्या रंगाची खरी अडचण वेगळीच असते. बाबांच्या पुस्तकांच्या फडताळाला आम्ही पाण्याचा प्रायमर (रंगाआधी द्यायचा थर) मारला, तर दुसऱ्या दिवशी गाठींच्या जागी चहा सांडल्यासारखे डाग. वरून आणखी एक हात मारला, पुन्हा तेच. लाकडातलं टॅनिन, म्हणजे डाग पाडणारं तपकिरी द्रव्य, प्रायमरच्या पाण्यात विरघळून वर येत होतं. शेवटी आमच्या सुतारकाकांनी उपाय सांगितला: चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची आणि ते पातळ पॉलिश उघड्या लाकडाला दोन हात लावायचं. भिजवायला काचेची बरणी घ्या, लोखंडी डब्यात लाख काळपट पडते. स्पिरिट आहे, त्यामुळे गॅस, उदबत्ती, निरांजन यांपासून लांब. त्यानंतर प्रायमर मारला, आणि आज इतक्या वर्षांनी एकही डाग नाही.

रंग पाण्यावरचा इनॅमल घ्या. तेलाचा पांढरा रंग उजेड न मिळणाऱ्या जागी पिवळा पडत जातो. दोन पातळ हात द्या, जाड एकच हात ओघळतो. कपाटाच्या आतून रंग देऊच नका, वास महिनोन् महिने कपड्यांना येत राहतो. आतून नुसती लाख पुरे. बिजागऱ्या, कड्या आधी काढून ठेवा. त्यांच्यावरून रंग फासला की दारं नीट लागत नाहीत.

आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, रंगही लवकर वाळत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सुरू करा. रंग हाताला कोरडा लागला तरी आत पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर वर जड सामान ठेवू नका आणि दारं किलकिली ठेवा, नाहीतर रंगाला रंग चिकटून पुन्हा पापुद्रा निघेल.

खरवडलेल्या जागेचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाका. साग आहे का, ते रेषांवरून सांगायचा प्रयत्न करतो.