उणे तीस अंशांतही काटा मध्यावर यायला हवा

आपण पत्नी आणि शाळकरी मुलासह गोव्यातील फोंड्याहून कॅनडातील विनिपेगला येत आहात, आणि तेथील हिवाळ्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा खालीच राहिला तर ते स्वाभाविक समजावे का, असे विचारले आहे. व्हिसा आणि शुल्काची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळते, म्हणून तिच्यात शिरत नाही. या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यावेसे वाटते, कारण आम्हाला ते वेळेवर कोणी दिले नाही.

बाहेर उणे ३० अंश सेल्सिअस असो वा आपल्याकडचा मे महिना, पूर्ण तापलेल्या इंजिनातील कूलंट, म्हणजे त्यात फिरून उष्णता वाहून नेणारे द्रव, साधारण ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान असायला हवे. हे तापमान राखण्याचे काम थर्मोस्टॅट या झडपेचे. इंजिन गार असताना तो बंद असतो, त्यामुळे कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनात आणि हीटरमध्येच फिरते. बहुतेक गाड्यांत ८२ ते ९५ अंशांच्या आसपास तो उघडू लागतो. थंडीने वाढतो तो तापण्याचा वेळ: तेथे पंधरा-वीस मिनिटेही लागू शकतात, आणि इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवण्यापेक्षा गाडी सावकाश चालवल्याने ते लवकर तापते. हीटर पूर्ण जोरात लावून सिग्नलला थांबल्यावर लहान इंजिनाचा काटा थोडा उतरतो. त्याने घाबरू नये. परंतु अर्धा तास महामार्गावर जाऊनही तो वर येत नसेल, तर थर्मोस्टॅट बहुधा उघडाच अडकलेला असतो. चोर्ला घाट चढताना काटा वर जाईल, एवढीच भीती आपल्याला ठाऊक असते. खाली राहिलेल्या काट्याचेही नुकसान असते: पेट्रोल जास्त जळते, त्याचा आणि पाण्याचा अंश इंजिन ऑइलमध्ये उतरतो, झीज वाढते.

आमच्या पहिल्या हिवाळ्यात नेमके हेच झाले. वॉरंटीसह घेतलेल्या जुन्या गाडीचा हीटर कोमट हवा फेकत असे, समोरच्या काचेवर आतून बर्फाचा पापुद्रा धरत असे आणि तो खरवडेपर्यंत मुलीच्या शाळेची वेळ टळत असे. गॅरेजमध्ये दरवेळी ‘थंडीत असेच चालते’ हे उत्तर मिळाले. वॉरंटीच्या अर्जासाठी त्यांनी दोष लेखी सिद्ध करायला सांगितले, मग आधीच्या सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या, मग अर्ज जुन्या नमुन्यावर आहे म्हणून परत केला. अखेर ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण, लावून कूलंट ६० अंशांच्या पुढे जात नसल्याचे आणि ते पुरेसे तापत नसल्याचा पी०१२८ हा संकेत आल्याचे दाखवले, तेव्हा एक स्वस्तातला थर्मोस्टॅट बदलला गेला.

तोवर मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘वेळेचे भान नाही, पालकांनी लक्ष द्यावे’ असा शेरा पडला होता. कारण समजावून सांगितले, तरी तो बदलला नाही. पहाटे उठून मागच्या आसनावर गोठत बसणाऱ्या सात वर्षांच्या मुलीविषयी तो लिहिला गेला होता. तिला तो आता आठवतही नाही. मला मात्र तो वाचला की, तिला एवढ्या दूर आणले ते योग्य केले का, हा प्रश्न अजूनही छळतो. एकटेपणाविषयीही आपण विचारले आहे: चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायला आपण घरी नसतो, ते जड जाते, आणि निभावते.

गाडी घेताना ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन विजेवर गरम ठेवणारे उपकरण, बसवलेला आहे का, ते आवर्जून पाहावे. अनेक इमारतींच्या पार्किंगमध्ये त्यासाठी विजेचे प्लग असतात. निघण्यापूर्वी दोन ते चार तास तो चालू असला तरी सुरुवात सोपी जाते. रेडिएटरमध्ये साधे पाणी घालण्याची आपली सवय तेथे इंजिन फोडू शकते. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकते, तर निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, म्हणून अधिक घातले की अधिक सुरक्षित, असेही नाही. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पातळ प्रतीचेच, बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-३०, घालावे.

विक्रेत्याला इंजिन आधी तापवून ठेवू देऊ नका. गार इंजिनापासून अर्धा तास चालवा, मागच्या आसनापर्यंत गरम हवा पोहोचते का ते तपासा आणि गॅरेजचे प्रत्येक उत्तर लेखी मागा. गाडी निवडल्यावर तिचे वर्ष आणि इंजिन मला कळवा; तिचा थर्मोस्टॅट किती अंशांना उघडायला हवा, ते पाहून सांगतो.