पालक की मेथी? लेकीचं हिमोग्लोबिन आणि घरातले दोन पक्ष

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही कोथरूडला असतो. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, कॉलेजला जाते, हल्ली सारखी दमते म्हणून ब्लड टेस्ट केली तर हिमोग्लोबिन ९.८ आलं. सासूबाई म्हणतात रोज सकाळी पालकाचा ज्यूस दे, माझी आई म्हणते पालकात नुसतं पाणी असतं, खरी ताकद मेथीत. लेकीला दोन्ही भाज्या आवडत नाहीत, पण ज्यूस नाक दाबून पिते. तिला सोबत म्हणून मिस्टरही ग्लासभर घेतात, त्यांना मागे मुतखडा झाला होता. दोन्हीत जास्त पौष्टिक काय ते एकदाचं सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल.

उत्तर: ताई, पहिली गोष्ट, मिस्टरांचा ज्यूस आजपासून बंद करा, बाकीचं उत्तर त्यानंतर सावकाश वाचलंत तरी चालेल. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. एका ग्लासात आपण जवळपास अख्खी जुडी कच्ची घालतो, भाजी केली तर तेवढी एका माणसाच्या ताटात कधी येतच नाही, आणि ज्यूस गाळून घेतला तर चोथ्याबरोबर फायबर जातं पण ऑक्झलेट बरंचसं ग्लासातच राहतं. ज्याला एकदा खडा होऊन गेलाय त्याने रोज हे पिणं म्हणजे विकतचं दुखणं. आणि खडा झाला म्हणून दूध-दही मात्र सोडायला लावू नका, जेवणातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते बाहेर टाकलं जातं, त्यामुळे उलट फायदाच होतो. पाणी भरपूर, मीठ कमी, आणि खडा नेमका कशाचा होता ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आता तुमच्या वादाकडे येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत, त्यात बघितलं तर १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह ३ मिलिग्रॅमच्या आसपास आहे आणि मेथीत साडेपाचच्या आसपास. कॅल्शियम पालकात ८० मिलिग्रॅमच्या जवळपास, मेथीत २७० च्या पुढेमागे. प्रोटीन आणि फायबरही मेथीतच जास्त. म्हणजे कागदावर तुमच्या आईचं बरोबर आहे, आणि पालकात पाणी असतं हेही खरंच आहे, ९० टक्क्यांच्या वर असतं. पण सासूबाईंनाही अगदीच चूक ठरवू नका, कारण फोलेट (बी गटातलं एक जीवनसत्त्व) पालकात मेथीपेक्षा जास्त असतं आणि नवीन रक्त तयार व्हायला फोलेट लागतंच, शिवाय डोळ्यांसाठी चांगलं ल्युटीनही पालकात भरपूर मिळतं.

पण ताई, तक्त्यातला आकडा आणि अंगी लागणारा आकडा यात फार फरक आहे, आणि मला खरं तर हेच सांगायचंय. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटने असं धरून ठेवलेलं असतं की त्यातलं जेमतेम ५ टक्के शरीर घेऊ शकतं, दुधातलं २५ ते ३० टक्के घेतं. म्हणजे त्या ८० मधले ४ मिलिग्रॅम हाताशी लागले! मेथीत ऑक्झलेट पालकाच्या मानाने बरंच कमी, त्यामुळे हाडांचा विचार केला तर मेथी सरळ सरळ पुढे आहे, यात मला काही शंका नाही.

लोहाचं मात्र दोन्हीकडे अवघड आहे. भाजीतलं लोह मांसाहारातल्या लोहासारखं चटकन शोषलं जात नाही, शंभर ग्रॅम मेथीतल्या साडेपाचातलं अर्धा मिलिग्रॅम रक्तात पोचलं तरी खूप झालं. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे तुमच्या लेकीच्या वयाला रोज आहारातून २९ मिलिग्रॅम लोह लागतं. मंडईतून आणलेली मेथीची जुडी डोळ्यासमोर आणा, मुळं कापा, जाड दांडे काढा, पिवळी पानं टाका, निवडून निम्मीच उरते, कढईत टाकली की अजून बसते, आणि ती चार माणसांत वाटली जाते. मग लेकीच्या वाट्याला किती आलं? म्हणून पालक का मेथी यावर ९.८ चं १२ होणार नाहीये, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

९.८ म्हणजे मध्यम ॲनिमिया, १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात आणि ११ च्या खाली मध्यम. याला डॉक्टर लागतो आणि बहुतेक वेळा लोहाच्या गोळ्या लागतात. जाताना पूर्ण सीबीसी (रक्तपेशींच्या तपासणीचा) रिपोर्ट घेऊन जा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी१२ करायचं का ते विचारा (तुम्ही शाकाहारी असाल तर बी१२ बद्दल नक्की विचारा), आणि पाळीत रक्तस्राव जास्त होतो का हे लेकीला बाजूला घेऊन नीट विचारा, कारण मुली हे आपणहून सांगत नाहीत आणि कित्येकदा मूळ कारण तिथेच असतं. ही काही तुमच्या एकट्या घरातली गोष्ट नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. निम्म्याहून जास्त! आणि आपण अजून "मुलगी जरा नाजूकच आहे" म्हणून सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

भाजी मग कशाला, तर गोळीने वर आलेलं हिमोग्लोबिन परत खाली येऊ नये म्हणून. त्यासाठी ती खायची कशाबरोबर हे महत्त्वाचं. ताटात लिंबाची फोड हवी आणि ती भाजी-वरणावर खरंच पिळायची, व्हिटॅमिन सीमुळे भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. पेरूचे दिवस असले की जेवणासोबत पेरू, त्यात तर सी भरपूर. आणि चहा... आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहा टाकतात ना, तो किमान तासभर पुढे ढकला, चहातल्या टॅनिनमुळे त्याच जेवणातलं लोह वाया जातं. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर तीही चहा-दुधाबरोबर नको, कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हीत काही तासांचं अंतर ठेवा. माळ्यावर आजीची लोखंडी कढई पडली असेल तर काढा, घासून तेल लावून वापरात आणा, त्यात भाजी केली की थोडं लोह भाजीत उतरतं, टोमॅटो घातला तर जास्तच. फक्त झाल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि लेक हातही लावणार नाही.

पालक करायचा असेल तर ज्यूसपेक्षा डाळ-दाणे घातलेली ताकातली पातळभाजी करा. पालक आधी उकडून पाणी टाकलं तर विरघळणारं ऑक्झलेट बरंच कमी होतं, पण फोलेट आणि सीही त्या पाण्याबरोबर जातं, त्यामुळे मिस्टरांना कधीतरी खायचा असेल तर उकडून, बाकीच्यांना तसाच. मेथी लेक भाजी म्हणून खात नसेल तर मूगडाळीत घाला, पीठ पेरून करा, ठेपल्यात घाला, पण ठेपल्यात मूठभर तरी दिसली पाहिजे, नुसता हिरवा ठिपका नको. लाल माठ आणि राजगिऱ्याचा पालाही आणत जा, लोहात दोन्ही पालकाच्या पुढे आहेत.

प्रश्न: मेथीचा कडूपणा घालवायला मी चिरून मीठ लावते आणि पाणी पिळून टाकते. यात सत्त्व जातं का?

उत्तर: हो, जातं. सी, फोलेट आणि थोडीफार खनिजं त्या हिरव्या पाण्यात असतात. ठेपले-पराठे करत असाल तर त्याच पाण्यात कणीक भिजवा आणि वेगळं मीठ घालू नका. भाजी असेल तर पिळू नका, कोवळी बारीक पानाची मेथी बघून घ्या, दाण्याचं कूट किंवा डाळ घातली की कडवटपणा आपोआप कमी लागतो. आणि धुवायची ती चिरायच्या आधी, मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन जुडी बुडवायची, हलवायची, भाजी वर उचलून घ्यायची आणि तळाशी माती यायची थांबेपर्यंत पाणी बदलायचं, पावसाळ्यात तर तीन पाणी लागतातच. चिरून धुतली तर वर सांगितलेलं सगळं नळाखाली वाहून जातं.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे आहेत, हार्टच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय, वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे. कुणीतरी सांगितलं पालेभाजी पूर्ण बंद करा. पालक बंद करून मेथी चालेल का?

उत्तर: पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते, आणि पालकाच्या जागी मेथी आणल्याने प्रश्न सुटत नाही, कारण व्हिटॅमिन के दोन्हीत आहे. पालकात तर १०० ग्रॅमला ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं आणि ते या औषधाच्या विरुद्ध काम करतं. खरा त्रास होतो तो प्रमाण एकदम बदललं की, म्हणजे महिनाभर पालेभाजी नाही आणि मग थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून आठवडाभर रोज. तेव्हा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वरखाली होतो. दर आठवड्याला साधारण तेवढीच पालेभाजी ठेवा, किती ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, खाण्यात मोठा बदल करणार असाल तर आधी त्यांना कळवा आणि आयएनआरची तारीख चुकवू नका. पालकाचा ज्यूस त्यांनाही नको.