वाचकांचे प्रश्न : माळ्यापर्यंतची वाट आणि भरलेली बंदूक

प्रश्न : आमच्या मक्याला आणि भुईमुगाला रानडुकरांचा उपद्रव फार वाढला आहे. पीक संरक्षणासाठी माझ्याकडे बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा परवाना आहे आणि वन विभागाचा लेखी आदेशही मिळाला आहे. घरापासून शेतातल्या माळ्यापर्यंतची (झाडावर बांधलेल्या राखणीच्या मचाणापर्यंतची) वाट द्राक्षबागेतून, पाटावरून आणि शेवटी तारेच्या कुंपणातून जाते. परिसरात बिबट्या असल्यामुळे मी घरातूनच बंदूक भरून आणि सेफ्टी लावून निघतो. पुतण्या विजेरी घेऊन पुढे चालतो. वडिलांचा आग्रह असा की बंदूक रिकामीच न्यावी. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : वडिलांचे बरोबर आहे. आपण माळ्यावर नीट बसेपर्यंत दोन्ही नळ्या रिकाम्या असल्या पाहिजेत आणि उतरण्यापूर्वी त्या पुन्हा रिकाम्या झाल्या पाहिजेत. आपण लिहिलेल्या वाटेवर अपघाताला लागणारे सगळेच आहे : काळोख, ओला बांध, कमरेत वाकून ओलांडायची बाग, तारा आणि नळीच्या अगदी समोर चालणारा पुतण्या.

सेफ्टीवर आपला जेवढा भरवसा दिसतो, तेवढा तिने कमावलेला नाही. पुष्कळ दुनळी बंदुकांत ही खटकी फक्त चाप अडवते. आतले घोडे, म्हणजे काडतुसावर आपटून बार उडवणारे हातोडे, ताणलेलेच राहतात, आणि बंदूक दगडावर जोरात आपटली तर त्यांतला एखादा निसटून बार उडू शकतो. बाहेरून घोडे दिसणाऱ्या जुन्या बंदुकीचा धोका वेगळा आहे. तिचा घोडा फांदीत अडकून थोडा मागे ओढला गेला आणि सुटला, तरी काडतूस पेटू शकते. नळीत काडतूसच नसेल तर या दोन्ही शक्यता उरत नाहीत.

बिबट्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही. निफाड, सिन्नर आणि आपल्या दिंडोरीत तो उसाच्या आडोशाने राहतो, हे आपल्याला मी सांगायला नको. पण तो आलाच तर बहुधा मागून किंवा बाजूने आणि इतक्या जवळून येईल की बंदूक खांद्याला लावायला वेळ मिळणार नाही. सळसळ ऐकून झाडलेली गोळी मात्र कुत्र्याला, गुराला किंवा माणसाला लागण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय आपल्याला मिळालेला आदेश रानडुकरापुरता आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 11 नुसार उभ्या पिकाला धोका ठरलेल्या, दुसऱ्या अनुसूचीतल्या (अधिनियमाला जोडलेल्या दुसऱ्या यादीतल्या) प्राण्याबाबतच मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून असा आदेश देऊ शकतो. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेव्हा बिबट्यासाठी दोघांनी जवळजवळ चालावे, मोठ्याने बोलावे, हातात काठी आणि प्रखर विजेरी ठेवावी, मोबाइलवर गाणी लावली तरी चालेल. आवाजाने डुकरे बिचकतील अशी शंका आपल्याला आली तर ती रास्त आहे, पण माळ्यावर शांत बसल्यावर ती थोड्या वेळाने परततात.

आता वाटेविषयी. घरून निघताना बंदूक उघडून दोन्ही नळ्यांत विजेरीचा उजेड टाकून पाहावे, मग ती गवसणीत (कापडी किंवा चामडी खोळीत) घालावी आणि काडतुसे आपल्या खिशात ठेवावीत. त्याआधी खिसा रिकामा करून त्यात फक्त बारा बोअरचीच काडतुसे जातील हेही पाहावे, कारण वीस बोअरचे काडतूस बारीक असते, ते बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते आणि त्यामागे दुसरे भरून बार काढला तर नळी फुटते. द्राक्षबागेत मांडवाच्या तारा डोक्याच्या उंचीवर असतात. खांद्यावर उभी धरलेली नळी हमखास त्यांत अडकते आणि ती सोडवताना माणूस नेमका तोंडाकडून ओढतो. बागेत गवसणी आडवी, नळीचे तोंड पुतण्याच्या विरुद्ध बाजूला ठेवून धरावी. खरे तर पुतण्याने पुढे चालूच नये. त्याने आपल्या शेजारी, दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाच्या) बाजूने चालावे.

कुंपणापाशी घाई करू नये. रिकामी बंदूक तोंड पलीकडे करून सर्वांत खालच्या तारेखालून सरकवावी, आपण दोन खांब सोडून ओलांडावे आणि वळसा घेऊन ती दस्त्याकडून उचलावी. पाटावर पाय घसरला आणि नळीचे तोंड चिखलाला लागले असे नुसते वाटले, तरी नळी आरपार पाहिल्याशिवाय काडतूस भरू नये. चिखलाचा बोटभर बुचही नळी फाडायला पुरतो.

माळ्याच्या शिडीवर दोन्ही हात शिडीलाच हवेत. बंदूक खाली ठेवून आधी आपण चढावे, उंचीवर काम करणारे वायरमन घालतात तसा पूर्ण अंगाचा पट्टा वरच्या फांदीला अडकवावा आणि मग दोरीने बंदूक वर घ्यावी. दोरी दस्त्याला अशी बांधावी की तोंड जमिनीकडे राहील. चापाच्या कडीतून ती कधीही ओवू नये. ओढताना पुतण्याने खाली उभे राहू नये. पहाटे डुलकी येऊ लागली की काडतुसे काढून खिशात टाकावीत. याला आळस करणारे मी पुष्कळ पाहतो.

बार काढण्याविषयी आपण विचारलेले नाही, पण एक सांगितलेच पाहिजे. बंदुकीवर बसवलेल्या विजेरीने सावज शोधू नये, कारण मग जे जे पाहायचे त्यावर नळी रोखली जाते. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची असते, तेव्हा सरीत वाकून दारे धरणारा शेजारी मक्याच्या ताटांमागे डुकराएवढाच दिसतो. एलजीचे, म्हणजे मोठ्या जनावरासाठीच्या काडतुसातले जाड, छर्रे पाचशे मीटरच्याही पुढे जाऊ शकतात. माळ्यावरून खाली रोखलेला बार मऊ मातीत जिरतो, पण काळ्या खडकावरून किंवा पाण्यावरून तो उसळतो. निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा 2019 च्या दुरुस्तीपासून शस्त्र अधिनियमात स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : शेजारच्या बांधावर माळा आहे आणि तिथे शेजारी बंदूक घेऊन बसतात. माझी पाण्याची पाळी रात्री असते. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : दिवसाउजेडी त्यांच्यासोबत माळ्यावर चढा आणि कोणत्या दोन खांबांच्या मधेच बार निघेल हे ठरवून त्या खांबांना चुना लावा, आपले शेत त्या मर्यादेबाहेर असले पाहिजे. त्यांच्या आदेशातला गट नंबर आणि मुदत पाहण्यात संकोच करू नका. घरून निघताना त्यांना फोन करा, शेताच्या कडेला नाव घेऊन हाक मारा आणि ‘बंदूक रिकामी केली’ असे उत्तर येईपर्यंत आत पाऊल टाकू नका. भडक केशरी टोपी घाला. डुकराला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला दिसतो. डोक्यावरची विजेरी मोटार चालू करण्यापासून परत येईपर्यंत विझवू नका. शेजारी हे मानत नसतील तर वनरक्षकाकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.