वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकावर आभासी वास्तवाचे खेळ

प्रश्न : माझा संगणक २०१६ सालचा आहे. त्यात इंटेलचा आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आहे. नुकताच मेटा कंपनीचा जुना क्वेस्ट २ हा आभासी वास्तवाचा हेडसेट घेतला व तो केबलने जोडून ९० हर्ट्झवर (सेकंदाला ९० चित्रे) ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ हा खेळ खेळतो. मान वळवली की चित्र अडखळते आणि मळमळते. सकाळी लवकर खेळल्यास त्रास बराच कमी असतो. नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : कार्ड सध्या घेऊ नका. आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती सकाळ-दुपारच्या फरकाची आहे. संगणकाचे पंखे खोलीतलीच हवा आत ओढतात, त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडे खोलीचे तापमान जितके चढते, साधारण तितकेच आतल्या चिपचेही चढते. जीटीएक्स १०६० कार्ड ८३ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन सकाळी आणि भर दुपारी खेळताना कार्डाचे तापमान व क्लॉकचा, म्हणजे त्याच्या कामाचा, वेग पाहा. दुपारी वेग घसरलेला दिसला, तर कॅबिनेट उघडून पंख्यांवरची आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये घट्ट बसलेली धूळ काढा. इतक्या वर्षांत प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्टही वाळलेली असणार, तीही बदला. खोलीत कूलर जरूर लावा, परंतु संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नका, कारण त्या झोतात ओलावा आणि कधी पाण्याचे बारीक थेंबही असतात.

आता मळमळीविषयी. ९० हर्ट्झवर प्रत्येक चित्र तयार करण्यासाठी संगणकाला ११.१ मिलिसेकंद मिळतात, तर ७२ हर्ट्झवर १३.९. साध्या पडद्यावर एखादे चित्र उशिरा आले तरी फारसे बिघडत नाही, पण हेडसेटमध्ये मान वळलेली असते आणि डोळ्यांपुढचे दृश्य मागे राहते. ही विसंगती शरीराला सहन होत नाही. म्हणून जुन्या संगणकावर चित्राच्या देखणेपणापेक्षा त्याची नियमितता जपावी, असे माझे ठाम मत आहे. मेटाच्या संगणकावरील अ‍ॅपमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, ७२ वर आणा. प्रत्येक चित्रामागे मिळणारे हे जवळजवळ तीन मिलिसेकंद आपल्या यंत्रासाठी फार मोठे आहेत.

त्यानंतर स्टीमव्हीआरमधला, म्हणजे संगणकावर हे खेळ हेडसेटमध्ये चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, परफॉर्मन्स ग्राफ सुरू करा. त्यात ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांना प्रत्येक चित्रासाठी लागणारा वेळ वेगवेगळा दिसतो. उशीर कार्डाकडून होत असेल, तर रिझोल्यूशन कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. स्टीमव्हीआरमधील टक्केवारी एकूण पिक्सेलची असते, म्हणजे ७० टक्के केल्यावर चित्राची प्रत्येक बाजू जेमतेम १६ टक्क्यांनी घटते, पण पिक्सेल रंगवण्याचे काम जवळजवळ एक-तृतीयांशाने हलके होते. रिझोल्यूशन कमी-जास्त करण्याची अशीच सोय मेटाच्या अ‍ॅपमध्येही आहे आणि दोन्हींचा परिणाम एकमेकांवर चढतो, म्हणून तिथे १.० ठेवून बदल फक्त स्टीमव्हीआरमध्ये करा. मग खेळातील सावल्यांचा दर्जा उतरवा.

उशीर प्रोसेसरकडून होत असेल, तर रिझोल्यूशन कितीही घटवले तरी फरक पडणार नाही, आणि आपल्या बाबतीत ही शक्यता मला बरीच वाटते. ‘अ‍ॅलिक्स’साठी किमान आय५-७५०० प्रोसेसर आणि १२ जीबी रॅम सांगितलेली आहे. आपल्याकडे दोन्ही कमी आहेत. नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा तर मदरबोर्डही बदलावा लागेल, पण रॅमची कमतरता थोडक्या खर्चात भरून निघते. सीताबर्डीच्या संगणक बाजारात आपल्या पट्टीच्याच वेगाची डीडीआर३ या जुन्या प्रकारची ८ जीबीची आणखी एक पट्टी शोधा. वापरलेली असली तरी चालेल, मात्र दुकानातच लावून तपासून घ्या. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो, त्यामुळे रॅम वाढण्याबरोबर तिचा वेगही वाढतो. खेळताना ब्राउझर पूर्ण बंद ठेवा आणि विंडोजचा पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर न्या.

केबल कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या यूएसबी ३ पोर्टमध्येच लावा.

एवढे करूनही चित्रे वेळेत येत नसतील, तर मेटाचे ‘असिंक्रोनस स्पेसवॉर्प’ कामी येते. खेळ निम्म्या गतीने, म्हणजे सेकंदाला ३६ चित्रे काढतो आणि मधली चित्रे अंदाजाने भरली जातात. वेगाने हलणाऱ्या हातांच्या कडा त्यात थरथरतात, पण मान वळवताना होणारा त्रास कमी होतो. तरीही मळमळ सुरू झालीच, तर सवय होईल या आशेने खेळत राहू नका. हेडसेट लगेच उतरवा.

नव्या कार्डाचा विचार धूळ, रॅम आणि रिझोल्यूशन यांची कामे झाल्यावर ग्राफमध्ये कार्डच मागे पडताना दिसले, तरच करावा, आणि तेव्हाही आधी पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते पाहावे. ‘बीट सेबर’सारखे खेळ मात्र आपण संगणकावर खेळूच नका. क्वेस्ट २ मध्ये स्वतःचा स्नॅपड्रॅगन एक्सआर२ प्रोसेसर आहे आणि ते खेळ संगणकाशिवाय हेडसेटवरच उत्तम चालतात.