प्रार्थनेच्या वेळी मुलं हसतात, तेव्हा रागवावं का?

तुम्ही विचारलंय की सहा आणि नऊ वर्षांची तुमची मुलं घरच्या प्रार्थनेत खुदकन हसतात, बायबलमधल्या गोष्टींवर कोट्या करतात. ही देवाची टिंगल समजून रागवावं की सोडून द्यावं? मीही दोन मुलांची आई आहे, आमच्याकडे रोज रात्री प्रार्थना असते, आणि माझं मत असं की आधी ऐकून घ्या. मूल ज्या शब्दावर हसतं, त्या शब्दाशी त्याचं काहीतरी चाललेलं असतं.

आमचा धाकटा सहा वर्षांचा असताना प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) भराभर म्हणायचा, पण ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ इथे आला की आवाज एकदम चढायचा. ताई हसून हसून बेजार. एकदा मी दोघांनाही दटावलं. तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “पण उद्या खरंच गणिताची परीक्षा आहे!” अख्ख्या प्रार्थनेतली ही एकच ओळ तो मनापासून म्हणत होता, आणि मी नेमकी त्याच ओळीला त्याला गप्प केलं होतं. मग त्या रात्री आम्ही बोलत बसलो. शेजारच्याचं उत्तर दिसतंय, बाईंचं लक्ष नाही, तेव्हा मनात जी ओढाताण होते तीही परीक्षाच, हे त्याला लगेच पटलं. मुद्दाम शिकवायला बसले असते तर मोह म्हणजे काय हे मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

तुमच्या दोन मुलांच्या हसण्यात फरक असणार, तोही लक्षात घ्या. पाच-सहा वर्षांचं मूल शब्द सरळ अर्थाने घेतं. ‘येशू आपल्या हृदयात राहतो’ म्हटलं की डॉक्टरांच्या नळीतून तो ऐकू येईल का, असं विचारतं. हा विनोद नाही, प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर मिळालं पाहिजे. पुढे सात-आठ वर्षांनंतर एका शब्दाचे दोन अर्थ खेळवता येऊ लागतात, तेव्हा कोटी मुद्दाम केली जाते. ती करायला बायबलमधली ओळ आधी समजावी लागते. तुमचा मोठा कोट्या करतो म्हणजे तो ऐकतोय.

पवित्र शास्त्रातही हसणारी माणसं आहेत. म्हातारपणी मुलगा होईल हे देवाचं वचन ऐकून अब्राहाम उपडा पडून हसला (उत्पत्ती १७). पुढच्याच अध्यायात त्याची बायको सारा मनातल्या मनात हसली आणि विचारल्यावर घाबरून म्हणाली, मी हसले नाही. हा भाग वाचला तेव्हा आमची दोघं एकमेकांकडे बघायला लागली, कारण हे वाक्य आमच्या घरात रोजचं. देवाने काय केलं? ‘तू हसलीसच’ एवढं सांगितलं, वचन मागे घेतलं नाही. मुलाचं नाव इसहाक ठेवलं गेलं, म्हणजे ‘तो हसतो’. प्रभू येशूचं कुसळ आणि मुसळही मुलांना करून बघू द्या. आमच्या धाकट्याने झाडूचा दांडा डोळ्यासमोर धरून ताईच्या डोळ्यातलं कुसळ शोधलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो तिची चहाडी सांगायला आला आणि मध्येच थांबून म्हणाला, “माझा दांडा राहिला.”

माणसावर हसणं मात्र मी थांबवते. कुणी गीत गाताना अडखळलं, कुणाची प्रार्थना लांबली, कुणी वेगळ्या पद्धतीने देवाची भक्ती करतं, यावर हसलेलं आमच्याकडे चालत नाही. पण त्यासाठी अलीशा या संदेष्ट्याला टकल्या म्हणणाऱ्या मुलांना अस्वलांनी फाडल्याची गोष्ट सांगून धाक घालू नका. फार कठीण उतारा आहे तो. लहान मुलाच्या लक्षात फक्त अस्वलं राहतात.

आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे, हे मला उशिरा कळलं. मुलगी सात वर्षांची असताना तिने एका मेलेल्या पाखरासाठी प्रार्थना केली होती. त्यातला एक निरागस शब्द मी पाहुण्यांना सांगितला. सगळे प्रेमानेच हसले, पण ती दारातून ऐकत होती. त्यानंतर कित्येक महिने ती मोठ्याने प्रार्थना करीना. विचारलं तर म्हणायची, मनात केली. शेवटी मी तिची क्षमा मागितली. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मी ते देवाला सांगितलं होतं, तुला नाही.” आपल्याकडे आणलेल्या बालकांना शिष्यांनी अडवलं तेव्हा येशूला राग आला, असं मार्कच्या १० व्या अध्यायात आहे. ती ओळ वाचताना मला तो दिवस आठवतो. तेव्हापासून मुलांच्या प्रार्थनेतलं काहीही मी त्यांना विचारल्याशिवाय कुणाला सांगत नाही. इथे लिहिलेलंही दोघांना विचारूनच लिहिलंय.

आज रात्री हसू फुटलं तर प्रार्थना तिथेच थांबवा आणि “काय आठवलं?” असं विचारा. आवाजात राग नको, नाहीतर “काही नाही” हेच उत्तर येईल. धाकट्याला आधी बोलू द्या.