जेसीबी येण्याआधी, आल्यावर आणि गेल्यावर: वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडी-चिखली भागात काही दिवसांतच हजारो गोदामं, भंगाराची दुकानं आणि लघुउद्योगांच्या शेड पाडल्या गेल्या. तेव्हापासून अशा कारवाईबद्दल पत्रं येतच आहेत. कोणी संतापलेलं आहे, कोणी घाबरलेलं आहे, तर कोणी ‘रस्ता मोकळा झाला, बरं झालं’ असंही लिहितं. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: भाड्याच्या शेडमध्ये लेथ आणि दोन पॉवर प्रेस चालवतो. जागा खासगी आहे, मालक दुसरा. शेडच्या पत्र्यावर महापालिकेची नोटीस चिकटवलेली सापडली. मालक म्हणतो, काही होत नाही, दरवर्षी येते. काय करू?
— एक लघुउद्योजक

मालकाच्या बोलण्यावर एक दिवसही घालवू नका. नोटिशीत आधी तीन गोष्टी पाहा: कोणत्या कायद्याचं कोणतं कलम लावलं आहे, मुदत किती आहे आणि ती कोणाच्या नावे आहे. पुढचा सगळा मार्ग कलमावर ठरतो. परवानगीशिवाय बांधकाम किंवा वापरात बदल असेल तर बहुधा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 53 असतं. तात्पुरत्या स्वरूपाच्या बांधकामाला 55 लागतं. मुंबईबाहेरच्या महापालिका 1949 च्या महापालिका अधिनियमातलं 260 वापरतात, मुंबईत 1888 च्या महापालिका अधिनियमातलं 351.

कलम 53 असेल तर एक दार कायद्यानंच उघडं ठेवलं आहे. नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस अमलात येत नाही. हा अर्ज ‘नोटिशीने बाधित व्यक्ती’, म्हणजे तुम्हीही, करू शकते. तरीही प्रत्यक्षात तो अडतो तो मालकीच्या कागदांवर. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, वास्तुविशारदाच्या सहीचा आराखडा आणि मालकाची संमती जोडली नसेल तर अर्ज त्रुटीत जातो आणि त्याच्या जोरावर मिळालेलं संरक्षणही डळमळतं. म्हणून मालकाकडून संमतीपत्र आजच घ्या. जमीन हरित पट्ट्यात, नदीच्या पूररेषेत किंवा विकास आराखड्यातल्या आरक्षणात असेल तर नियमित होण्याची आशा धरू नका. तिथे लढा असतो तो मुदतीसाठी, यंत्रं सुखरूप बाहेर काढण्यासाठी.

दुसरा आधार पाडकामाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालाचा. कारणे दाखवा नोटिशीनंतर स्थानिक कायद्यातली मुदत किंवा 15 दिवस, यांतलं जे नंतर संपेल तोवर महापालिकेनं थांबायचं. नोटीस नोंदणीकृत टपालानं पाठवायची आणि बांधकामावरही चिकटवायची. नोटीस बजावल्यावर लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल करायचा आणि तिकडून आपोआप पोच यायची. मागची तारीख घालण्याचा आरोप होऊ नये म्हणून ही तरतूद आहे. नंतर व्यक्तिगत सुनावणी आणि तिचं इतिवृत्त. अंतिम आदेशात बांधकाम दंड भरून नियमित होण्याजोगं आहे का, काही भागच बेकायदा आहे का आणि पाडणं हाच एक उपाय का उरतो, हे लिहावं लागतं. तो आदेश हाती पडल्यावरही आणखी 15 दिवस पाडता येत नाही. पाडताना चित्रीकरण बंधनकारक आहे. हे पाळलं नाही तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई वसूल होऊ शकते. पण याच निकालानं रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदी-तलाव अशा सार्वजनिक ठिकाणची बेकायदा बांधकामं आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेली बांधकामं वगळली आहेत. तुमची शेड खासगी जागेवर आहे, हे कागदानं दाखवणं म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं.

लेखी उत्तर दोन प्रतींत करा, आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. बीट निरीक्षकाच्या (तुमच्या भागाची पाहणी करणाऱ्या महापालिका कर्मचाऱ्याच्या) हातात दिलेल्या कागदाची पोच मिळत नाही आणि सुनावणीत तो नसल्यासारखाच असतो. उत्तराच्या शेवटी ‘प्रत्यक्ष सुनावणी द्यावी’ हे वाक्य हवंच. वकील मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी शोधू नका. काही कलमांखालच्या नोटिशीत दिवाणी न्यायालयाला हस्तक्षेपाला मनाई आहे, तिथे उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. महापालिकेनं कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा न्यायालयातला अर्ज, दाखल केलं आहे का तेही वकिलाला पाहायला सांगा. ते 90 दिवस टिकतं आणि ते असेल तर महापालिकेला कळवल्याशिवाय तातडीची स्थगिती मागता येत नाही. शनिवारी सकाळी धावपळ करणाऱ्याचं काम नेमकं इथेच अडतं.

याच दिवसांत यंत्रांची सोय करा. कर्जावर घेतलेलं यंत्र बँकेला लेखी कळवल्याशिवाय हलवू नका, ते तारण आहे. प्रेसचा पाया फोडून ती उचलायला क्रेन लागते आणि कारवाईच्या आठवड्यात परिसरातली प्रत्येक क्रेन आधीच ठरलेली असते. वीजजोडणी महावितरणच्या माणसाकडूनच तोडून घ्या. चालू केबलवर जेसीबीचा दात बसला तर जीव जातो. ग्राहकाचा जॉबवर्कचा माल वेगळा मोजून चलानासह परत पाठवा. तो तुमचा नाही आणि गहाळ झाला तर भरपाई तुमच्याकडेच मागितली जाईल. पत्ता बदलला की जीएसटी नोंदणीत 15 दिवसांत बदल नोंदवा.

प्रश्न: वीस वर्षं दुकान आहे. शॉप अॅक्टची नोंद, जीएसटी, वीजबिल, घरपट्टी सगळं माझ्या नावावर. शास्तीसुद्धा (अवैध बांधकामावरचा दंड) भरली. तरी ‘अनधिकृत’ कसं?
— एक हार्डवेअर दुकानदार

कारण यांतला एकही कागद बांधकामाबद्दल बोलत नाही. शॉप अॅक्ट आणि जीएसटी धंद्याची नोंद करतात. वीजबिल जोडणीचं असतं. घरपट्टी वापरावर लागते. शास्तीबद्दल तर कायद्यानंच स्पष्ट केलं आहे की ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं धरायचं नाही. कर घेताना महापालिकेला हे दुकान दिसतं आणि पाडतानाच ते बेकायदा ठरतं, हा लोकांचा राग आम्हाला पूर्ण रास्त वाटतो. पण न्यायालयात त्या रागाला किंमत मिळत नाही. बांधकामाचा पुरावा म्हणजे मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र. ते नसतील तर बाकीचे कागद फेकू मात्र नका. किती वर्षं ताबा आहे आणि पोट कशावर चालतं, हे सिद्ध करायला तेच लागतात आणि पर्यायी गाळा मागताना तेच पुढे करायचे असतात.

प्रश्न: भाजीची हातगाडी उचलून नेली. पावती दिली नाही. विक्रीचं प्रमाणपत्र नाही, पण पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात नाव होतं. गाडी परत मिळेल का?
— एक भाजीविक्रेती

ताई, मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. पथविक्रेता अधिनियम 2014 च्या कलम 3 नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत पथविक्रेत्याला हटवता येत नाही. कलम 18 सांगतं की हटवण्याआधी 30 दिवसांची नोटीस हवी. ती मुदत उलटूनही जागा सोडली नाही तरच कलम 19 खाली माल जप्त करता येतो आणि तेव्हाही मालाची यादी करून, जप्त करणाऱ्यानं सही करून, तिची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. शुल्क भरून माल मागितला की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा असतो.

आजच अतिक्रमण विभागात लेखी अर्ज द्या: दिवस, वेळ, ठिकाण, गाडीचं वर्णन, वजनकाटा, कोणती भाजी किती किलो. सर्वेक्षणाच्या पावतीची प्रत जोडा. बाजार समितीतल्या त्या दिवसाच्या खरेदीची पट्टी असेल तर तीही जोडा, नाहीतर ‘एवढा माल नव्हताच’ हे उत्तर ठरलेलं असतं. गोदामाच्या दारात रोख पैसे देऊन गाडी सोडवू नका; पावती नसेल तर पुढच्या आठवड्यात तीच गाडी पुन्हा उचलली जाते आणि आधीच्या जप्तीचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही. अर्जाला दाद मिळाली नाही तर कलम 20 खालच्या तक्रार निवारण समितीकडे जा. तिचा अध्यक्ष न्यायिक पदावर काम केलेला असावा लागतो.

दोन अडचणी आधीच सांगतो. मुंबईत उच्च न्यायालयाच्या 2017 च्या आदेशानुसार रेल्वे स्थानकापासून 150 मीटरच्या आत आणि शाळा-रुग्णालयांपासून 100 मीटरच्या आत विक्रीला मनाई आहे; तिथे वरचा युक्तिवाद लंगडा पडतो. दुसरं म्हणजे, पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या योजनेतून कर्ज मिळालं म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र मिळालं असं नव्हे. ते विक्रेता असल्याचा आधार म्हणून जोडा, त्याहून जास्त भार त्यावर टाकू नका.

प्रश्न: पाडून झालं. माल ढिगाऱ्याखाली आहे. विमा आहे. पैसे मिळतील?

विम्यातून बहुधा नाही. दुकानाच्या आणि आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत सरकारी किंवा महापालिकेच्या आदेशानं झालेला नाश वगळलेला असतो. पाडकामानंतर ढिगाऱ्यातून चोरी झाली किंवा आग लागली तर तो वेगळा दावा. पोलिसांत स्वतंत्र तक्रार देऊन कंपनीला लगेच कळवा.

ढिगारा उपसण्याआधी पंचनामा मागा. नकार मिळाला तर शेजारच्या दोघांना पंच करून स्वतः लिहा: यंत्राचा अनुक्रमांक, मालाची यादी, फोटो, सह्या. शेवटच्या महिन्यांची खरेदी बिलं आणि साठ्याची वही त्याच दिवशी सुरक्षित ठिकाणी हलवा. अंतिम आदेशाची प्रत, पाडकामाचं चित्रीकरण आणि जिल्हाधिकाऱ्यांना गेलेल्या ईमेलची तारीख माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तीन वेगळे अर्ज करा. एकत्र केला तर परत येतो. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उलटवावं लागतं. हे बरेच जण विसरतात आणि वर्षभरानं व्याजासह नोटीस येते.

जागा सरकारी प्रकल्पासाठी 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली असेल तर मात्र चित्र वेगळं आहे. आधीची तीन वर्षं त्या जागेवर ज्यांचं पोट होतं ते भाडेकरू आणि कारागीरही बाधित कुटुंबात येऊ शकतात. छोटा व्यापारी आणि कारागीर कुटुंबाला किमान 25,000 रुपयांचं एकरकमी साहाय्य त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. रक्कम फार थोडी आहे, पण दावाच केला नाही तर तीही मिळत नाही.

प्रश्न: आमच्या रस्त्यावरच्या टपऱ्या एका सकाळी काढल्या. आम्ही रहिवासी व्हिडिओ पाठवण्यापलीकडे काय करू शकतो? सोसायटीतच दोन तट पडले आहेत.
— एक गृहिणी

दोन तट पडणं स्वाभाविक आहे. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना पदपथ मोकळा हवा, हे खरं. चांभार आणि किल्ली करणारा दहा मिनिटांवर हवेत, हेही खरं. भांडण त्या दोघांत लावू नका. प्रश्न महापालिकेला विचारा की जागा कुठे ठरवली. शहराच्या नगर पथविक्रेता समितीत रहिवासी संघांनाही प्रतिनिधित्व आहे आणि किमान 40 टक्के सदस्य स्वतः विक्रेते असावे लागतात. तुमच्या प्रभागात विक्री क्षेत्र कोणतं, ना-विक्री क्षेत्र कोणतं आणि समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारा. उत्तर बहुतेक ‘प्रक्रिया सुरू आहे’ असंच येईल. तेच उत्तर विक्रेत्यांच्या याचिकेला जोडायला उपयोगी पडतं.

कारवाई चालू असताना चित्रीकरण करा, पण यंत्रासमोर उभं राहू नका. लोकसेवकाला अडवण्याचा आणि बळ वापरण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 आणि 132 खाली लागतो, आणि मग न्यायालयात चर्चा टपरीची होत नाही, तुमच्या अटकेची होते. चित्रीकरणात तारीख, गाडीचा क्रमांक, जप्त मालाची यादी दिली की नाही आणि आदेश दाखवला की नाही, हे टिपा. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअॅप गटात फिरून आलेली प्रत पुरावा म्हणून कमी टिकते. सोसायटीच्या लेटरहेडवर ‘हे विक्रेते अमुक वर्षापासून इथे आहेत’ असं पत्र देता आलं, तर विक्रेत्याला सर्वेक्षणात तेच लागतं. पत्रावर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्याही सह्या घ्या आणि वर्ष आठवणीनं लिहू नका, सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तातून काढा.